डाव्या चाकाचा कप

गाडीच्या चाकावरचा व्हील कप काढणं हे जोराचं काम नाही, असं भीमराज ओव्हाळ नेहमी सांगायचे. पेचकसाच्या टोकाला जुन्या बनियनचं कापड गुंडाळायचं, कपाच्या कडेखाली ते हळूच सारायचं आणि अगदी थोडं उचलायचं. मग जरा बाजूला सरकून पुन्हा थोडं. एकाच जागी जोर लावला की काठ वाकतो, आणि वाकलेल्या काठाचा कप नंतर कधी धड बसत नाही. बसवताना तर घाई मुळीच चालत नाही. आधी एक बाजू रिमवरच्या क्लिपांत अडकवायची, ती एका हाताने दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने समोरच्या कडेवर थाप द्यायची. नीट बसला की 'टक्' असा कोरडा आवाज येतो. नाही बसला तर नुसतं 'थप्प' होतं.

हा फरक त्यांच्या बायकोला, प्रभावतीला, घरात बसून कळायचा. दापोडीच्या त्या गल्लीत त्यांचं घर आणि दारातली फियाट यांच्यामध्ये दोन पायऱ्या आणि एक तुळस एवढंच अंतर होतं. रविवारी सकाळी भीमराज कप काढून, घासूनपुसून परत बसवत असले की आतून पोळ्या लाटता लाटता ती ओरडायची, "तो नाही बसला हो!" ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. फळ्याकडे तोंड करून लिहीत असतानाही मागे कोण कुजबुजतंय ते तिला कळायचं. व्हील कपाचं ते काय! भीमराज कुरकुरत पुन्हा थाप द्यायचे, आणि पुन्हा आतून काही आवाज आला नाही की समजायचे, झालं काम.

प्रभावतीला जाऊन दोन वर्षं झाली होती. भीमराज त्याआधीच कंपनीतून निवृत्त झाले होते. पिंपरीच्या एका कारखान्यात पेंट शॉपला त्यांची सगळी नोकरी झाली. मुलगी मिनल लग्न करून बेंगळुरूला राहायची. घरात आता ते आणि दारात ती दुधी रंगाची फियाट. बहात्तर सालचं मॉडेल, खडकीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतलेली. गल्लीतली पोरंटोरं मोठी होऊन दुसरीकडे फ्लॅटमध्ये गेली होती, त्यांच्या जागी भाडेकरू आले होते. ते सकाळी मान खाली घालून निघायचे आणि संध्याकाळी मान खाली घालूनच परतायचे. काही दिवस तर असे जायचे की दूधवाल्याशी झालेल्या दोन शब्दांवरच भीमराजांचं बोलणं संपायचं.

जानेवारीत एकदा पेट्रोल पंपावर प्रीतम नावाचा एक माणूस गाडीभोवती फिरून फिरून बघायला लागला. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा त्यांचा एक क्लब होता. "काका, काय मेन्टेन केलीय! पुढच्या महिन्यात आमची फेरी आहे, चिंचवड ते चाकण. या ना," तो म्हणाला आणि नंबर देऊन गेला. भीमराज जाणार नव्हते. पण मिनलने फोनवर हट्टच धरला. "जा ना बाबा. गाडीच्या निमित्ताने चार लोक भेटतील."

चार लोक भेटतील, हे त्यांच्या मनात राहिलं. त्यांनी गाडी तपासून घेतली, नवी वायपरची रबरं लावली, आणि पिवळट पडलेले चारही कप काढून भोसरीच्या एका प्लेटिंगवाल्याकडे क्रोम करायला दिले. कप परत आले तेव्हा त्यांत तोंड दिसत होतं.

फेरीच्या सकाळी ते पायरीवर कापड अंथरून बसले. मागचे दोन्ही कप पहिल्या थापेत बसले. पुढचा उजवाही बसला. पुढच्या डाव्याला त्यांनी थाप दिली आणि हात तसाच ठेवून थांबले. आवाज कसला आला, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा एक थाप दिली. शेजारच्या खोलीत मिक्सर चालू होता. ते थोडा वेळ दाराकडे तोंड करून बसून राहिले. घरातून अर्थातच कोणी काही बोललं नाही. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, हात पुसले आणि निघाले.

मैदानावर जत्रा भरली होती. अँबेसेडर, हेरल्ड, जीपगाड्या, एका बाजूला लॅम्ब्रेटा आणि येझदी ओळीने उभ्या. एकेका गाडीतून सगळं घर उतरत होतं. कुणी एकसारखे टी-शर्ट घातले होते, कुणी फेटे बांधले होते. प्रीतम हातात माइक घेऊन धावपळ करत होता. भीमराजांना बघून त्याने लांबूनच अंगठा दाखवला.

फियाटभोवतीही गर्दी जमली. "काका, जरा बाजूला होता का? गाडीबरोबर फोटो काढतो," एक तरुण म्हणाला. भीमराज बाजूला झाले. तो गेला, दुसरे आले, तेही तेच म्हणाले. मग भीमराज आपणहूनच जरा लांब, लिंबाखाली जाऊन उभे राहिले. शेजारच्या हेरल्डच्या मालकाशी त्यांनी बोलायचा प्रयत्न केला. "क्रोम कुठे केलंत?" त्यांनी विचारलं. तो माणूस सभ्य होता, सांगायला लागला होता, पण तेवढ्यात त्याच्या बायकोने डबा उघडून हाक मारली आणि "आलोच हं" म्हणून तो गेला तो आलाच नाही.

गाड्या सुटल्या. भोसरी, मोशी, पुढे इंद्रायणीचा पूल. भीमराज रांगेच्या मध्यावर होते. रस्त्याकडेचे लोक हात हलवत होते, ट्रकवाले हॉर्न देत होते. खिडकीतून गार वारा येत होता. गाडी चांगली चालली होती, आणि बऱ्याच दिवसांनी भीमराजांना आपण कशाततरी आहोत असं वाटायला लागलं होतं.

कुरुळीच्या अलीकडे रस्त्याला एक खड्डा होता. पुढच्या जीपमुळे तो त्यांना दिसला नाही. डावं चाक आपटलं आणि लगेच डांबरावर पत्रा वाजल्यासारखा आवाज झाला. भीमराजांनी पाहिलं तर त्यांचाच कप, गाडीला मागे टाकून, काठावर उभा राहून एकटाच पळत होता. उन्हात लखलखत तो डावीकडे वळला, रस्त्याच्या कडेवरून उडाला आणि खाली दिसेनासा झाला.

त्यांनी गाडी कडेला घेतली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत जाऊ लागल्या. हेरल्डमधल्या मुलांनी टाटा केला. अँबेसेडरवाल्याने मात्र वेग कमी केला आणि काच खाली करून विचारलं, "काही प्रॉब्लेम?" भीमराजांनी हात हलवला, "काही नाही, व्हा पुढे." तो गेला. हात त्यांनीच केला होता. तरी ती शेवटची लॅम्ब्रेटा वळणावर नाहीशी होईपर्यंत ते रस्त्याकडे बघत राहिले, की कोणीतरी थांबेल.

रस्त्याच्या खाली उतरायला पायवाट होती. खाली कामगारांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांची एक लांब ओळ, दोरीवर कंपन्यांचे निळे-करडे शर्ट वाळत घातलेले, निळी पिंपं. ओळीच्या टोकाला मालकांचं पक्कं घर. त्याच्या पलीकडे कांद्याचे थोडे वाफे, आणि वाफ्यांना लागूनच एका गोडाऊनची उंच भिंत. घराच्या फाटकापाशी शेवग्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारी बाई बसली होती. नऊवारी लुगडं, डोळ्यांना जाड चष्मा, मांडीवर सुपात निवडायला घेतलेला लसूण.

"मावशी, इकडे गाडीचा कप घरंगळत आला का? चकचकीत, ताटलीएवढा?"

"आला की," ती म्हणाली. "बगितला म्या."

"कुठं गेला?"

तिने भीमराजांकडे पाहिलं, मग वर रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. लसणाचं सूप तिने खाली ठेवलं.

"त्या अंगाला, वाफ्यांत," ती म्हणाली. "चला, दावते."

तिचं नाव कौशल्याबाई. हे तिने वाफ्यांपर्यंत पोचायच्या आतच सांगितलं. भीमराज वाकून कांद्याच्या पातीतून बघत होते आणि ती मागे मागे चालत बोलत होती. पलीकडचं गोडाऊन उभं आहे ती जमीन पूर्वी तिच्या घरचीच होती. "समदा भुईमूग व्हायचा हितं. आता आत काय ठिवत्यात, द्येव जाने. रात्रंदिस टरक येत्यात." मालक, म्हणजे तिचा नवरा, जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा समर्थ चाकणला एका कंपनीत, सून स्वरूपा औषधं पॅक करायच्या कारखान्यात. "त्यो येतो तवा ती जाती, ती येती तवा त्यो निजल्याला असतो. घरात मानसं हायती दादा, पर घावत न्हाईत."

"आणि हे भाडेकरू?"

"ते? लातूरकडचे, बीडकडचे, यूपीचे. नावं पाठ व्हस्तोवर खोली सोडून जात्यात." ती थांबली. "हितं न्हाई वाटतं. त्या चारीत बगू."

पाण्याच्या त्या चारीत काटे होते. भीमराजांची फेरीसाठी घातलेली पांढरी पँट गुडघ्यापर्यंत मळली. सुरुवातीला त्यांचं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. आत्ता निघालो तर चाकणच्या आधी गाठीन, असा हिशेब चालू होता. मग तो हिशेब हळूहळू बंद पडला. कौशल्याबाई काही विचारायची आणि उत्तराची वाट बघायची. असं उत्तराची वाट बघणारं माणूस त्यांना फार दिवसांत भेटलं नव्हतं.

"मालकीन न्हाई आली संगं?"

"नाही. वारली."

"कशानं?"

भीमराजांनी सांगितलं. पोटाचा आजार, त्या आजाराचे महिने, ससूनमधला व्हरांडा. मग त्यांनी कपाच्या आवाजाचंही सांगितलं, जे ते मिनललाही कधी बोलले नव्हते. "तिला घरात बसून कळायचं, बसला की नाही. मला आज शेजारी बसून कळलं नाही. म्हणून तर निघाला."

 कौशल्याबाईने पदराने चष्मा पुसला आणि ती म्हणाली, "ऊन झालंय. च्या घ्या, मंग बगू."

ओट्यावर खाट होती. भीमराजांना तिथे बसवून आत जाता जाता तिने विचारलं, "गाव कुटलं म्हनायचं? आडनाव?"

"दापोडी. ओव्हाळ."

आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय हलतं ते बघायची भीमराजांना लहानपणापासूनची सवय होती. त्यांनी आताही पाहिलं. कौशल्याबाईच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ती दारात उभी राहून साखर कमी घालू का जास्त, तेवढंच विचारत होती.

चहा झाला. मग तिने शेंगदाण्याचे लाडू आणले. मग भिंतीवरचा नातवाचा फोटो काढून आणला आणि तो कुठे शिकतो ते सांगितलं. मग ते दोघं पुन्हा उठले आणि गोडाऊनच्या भिंतीच्या कडेकडेने, पार टोकाच्या बाभळीपर्यंत बघून आले. सावल्या आखूड झाल्या होत्या. वर रस्त्यावर कंपन्यांच्या बसेस सुरू झाल्या. भीमराजांनी कमरेवर हात ठेवून एकदा सगळीकडे नजर फिरवली.

"जाऊ दे मावशी. नाही मिळायचा. तुम्हाला उगाच ताप झाला."

"मंग?"

"मग काय, निघतो. तीन कपांवरच फिरेल गाडी."

ते चपलांची माती झटकून पायवाटेकडे निघाले. मागून हाक आली, "दादा, थांबा."

कौशल्याबाई घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते पुढे केलं. भीमराजांनी टॉवेल उलगडला. आत कप होता. काठाला एक पोचा आणि क्रोमवर दोन ओरखडे, बाकी चांगला.

त्यांना आधी कळलंच नाही. "हा कुठे होता?"

"घरात."

"घरात म्हणजे? कधी सापडला?"

"तुमी रस्ता उतरायच्या आदीच. फाटकाला यिऊन धडकला. म्या उचलून आत ठिवला."

भीमराज चिडून आरडाओरडा करणारे नव्हते. पण त्यांचा आवाज चढला. "मावशी, मी मघापासून काट्यांत शोधतोय! तुम्ही माझ्याबरोबर शोधत होता! माझी फेरी चुकली. तिथे जेवण होतं, सगळे लोक होते. मी महिनाभर त्याची तयारी करत होतो. काय मिळालं तुम्हाला?"

ती मान खाली घालून उभी होती. टॉवेलाची घडी करत होती, मोडत होती, पुन्हा करत होती.

"लगीच दिला आसता तर तुमी लगीच गेला आसता," ती म्हणाली.

 भीमराज कप घेऊन वर आले. ती पायवाटेने त्यांच्या मागे अर्ध्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. त्यांनी चाकाजवळ बसून पाहिलं. एक क्लिप आत दबली होती, त्यामुळे कपाला पकडच मिळत नव्हती. सकाळी हे दिसायला हवं होतं. त्यांनी डिकीतून पक्कड काढून क्लिप बाहेर ओढली, काठावरचा पोचा कापड लावून जमेल तेवढा सरळ केला, कप अडकवला आणि थाप दिली. त्याच वेळी बाजूने कंटेनर गेला आणि काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी बोटं घालून कप चारी बाजूंनी ओढून पाहिला. घट्ट होता. ते गाडीत बसले आणि मागे न बघता निघाले.

चाकणच्या पुढे एका लॉनवर फेरीचं जेवण होतं. भीमराज पोचले तेव्हा मांडववाले खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढवत होते. गवतावर कागदी प्लेटा, एका कोपऱ्यात कुत्री. प्रीतम बॅनर सोडवून त्याची गुंडाळी करत होता. त्याने भीमराजांकडे पाहून हसून मान हलवली.

"काय काका, मजा आली ना?"

"मी आत्ता आलो."

"म्हणजे?" प्रीतम गोंधळला. "तुम्ही फोटोत होतात ना? ग्रुप फोटो काढला ना आपण, पायऱ्यांवर?"

"नाही. कुरुळीला माझा व्हील कप निघाला होता."

"अरे बाप रे! मग फोन करायचा ना काका." तो खरोखर वाईट वाटून म्हणाला. "जेवलात का? थांबा, काही राहिलंय का बघतो." तो आचाऱ्याकडे गेला आणि वाटीत गुलाबजाम घेऊन आला. तेवढंच उरलं होतं. भीमराजांनी तिथेच उभ्याने खाल्ले. प्रीतमला त्याच्या बायकोने गाडीतून हाक मारली, तो पुढच्या वर्षी नक्की या म्हणाला आणि गेला. त्याची काही चूक नव्हती. एवढ्या गाड्यांत एक नाही हे कुणाच्या लक्षात यावं, असं भीमराजांच्या ओळखीचं तिथे कोणी नव्हतं, एवढंच.

परत येताना कुरुळी लागली तेव्हा भीमराजांनी मुद्दाम खाली पाहिलं नाही.

संध्याकाळी मिनलचा व्हिडिओ कॉल आला. "काय बाबा, कशी झाली फेरी? फोटो का नाही टाकले? भेटले का लोक?"

भीमराज म्हणाले, "भेटले." मग म्हणाले, "म्हणजे, एक बाई भेटली." आणि त्यांनी झालेलं सगळं सांगितलं.

मिनल संतापली. "अशी कशी ती? तुम्हाला उन्हात फिरवलं? आणि कप घरात लपवून ठेवला? वेडीबिडी आहे का?"

"वेडी नाही."

"मग काय? उगाच त्रास द्यायचा माणसाला!"

"मिनल, तिने लाडू दिले मला," भीमराज म्हणाले. "तुझ्या आईबद्दल विचारलं. कशानं गेली ते विचारलं. इथे दोन वर्षांत कुणी विचारलं नाही."

पलीकडे मिनलचा आवाज उतरला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही इकडे या ना राहायला." हे ती नेहमी म्हणायची आणि ते नेहमी बघू म्हणायचे. आजही ते बघू म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना आठवलं की आपण निघताना त्या बाईला येतो असंसुद्धा म्हणालो नाही. काट्याने ओरखडलेल्या पोटऱ्यांना त्यांनी खोबरेल लावलं. सकाळची ती मिरवणूक आपल्याला किती आठवतेय, असं त्यांनी स्वतःलाच विचारून पाहिलं. फारसं काही आठवत नव्हतं. कांद्याचे वाफे आठवत होते.

भीमराज पुन्हा कुरुळीला गेले ते पुढच्या आठवड्यात, एका दुपारी. निघताना गाडी पुसलीही नाही. कौशल्याबाई शेवग्याखाली तशीच बसली होती. गाडी फाटकापाशी आलेली बघून ती घाबरून उभी राहिली.

"समर्थला नका सांगू हां," ती आधीच म्हणाली. "त्याला कळलं तर बरं न्हाई. पोराला उगा घोर लागतो."

"काही सांगायला आलो नाही," भीमराज म्हणाले. "तुम्हाला फेरी मारायला न्यायला आलोय. कुठे जायचंय सांगा."

"मला?"

"हो."

तिने एकदा गाडीकडे, एकदा स्वतःच्या लुगड्याकडे पाहिलं. मग, "लुगडं बदलून येते," म्हणून आत गेली. बाहेर आली तेव्हा अंगावर हिरवं लुगडं होतं, आणि घराला लावलेलं कुलूप तिने दोनदा ओढून पाहिलं. शेजारच्या खोलीतल्या बाईला तिने मोठ्याने सांगितलं, "गाडीतनं चालले गं! येते माघारी!" ती बाई कपडे धूत होती. तिने मान वर करून नुसतं हूं केलं.

कौशल्याबाईला मोईला जायचं होतं. तिचं माहेर. कुरुळीपासून लांब नव्हतं, पण भाऊ वारल्यापासून ती गेली नव्हती. भाच्यांनी बोलावलं नव्हतं, आणि समर्थला सुट्टी मिळायची तेव्हा तो झोपलेला असायचा. गाडीत ती पुढच्या सीटवर अगदी कडेला, दार धरून बसली होती. गाव जवळ आलं तशी बोलायला लागली. ही विहीर, हा मारुती, इथे चिंच होती ती पाडलेली दिसते. मग एका दुमजली घरासमोर तिने थांबायला सांगितलं. फाटक नवं होतं, लोखंडी. आत एक पांढरी मोटार उभी होती. वरच्या मजल्यावर टीव्हीचा आवाज येत होता.

"उतरता का?" भीमराजांनी विचारलं.

ती घराकडे बघत होती. एकदा दाराच्या कडीवर हात गेला, पुन्हा मांडीवर आला.

"हे घर आमचं न्हवतंच," ती म्हणाली. "आमचं कौलारू व्हतं. ते पाडलं वाटतं."

"आत कोणी असेल. हाक मारू का?"

"नगं. ते म्हनतील, काय काम काढलं? आन् काम तर काईच न्हाई."  वरच्या मजल्यावरचा टीव्ही बंद झाला आणि पुन्हा सुरू झाला. "बास. बगितलं. चला माघारी."

भीमराजांनी गाडी वळवली. तिला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलावं असं त्यांना वाटलं, पण तसं काही बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. ते काम प्रभावतीचं. मग त्यांनी विचारलं, "घर कसं होतं तुमचं?"

ती सांगू लागली. पडवी कुठे होती, चूल कुठे, बैल कुठे बांधायचे. सोप्यावरच्या कोणत्या खांबाला पाळणा बांधलेला असायचा. भीमराज मधेमधे विचारत होते, मग काय, मग कुठे. ती सांगत होती आणि सांगता सांगता तिचे शब्द लांबत चालले. मोईच्या रस्त्यावरून हमरस्त्याला लागेपर्यंत ती झोपली होती. मान खिडकीच्या काचेला टेकलेली, चष्मा नाकावर घसरलेला.

भीमराजांनी गाडी अगदी हळू घेतली. मागचे ट्रक हॉर्न देऊन पुढे जात होते. कुरुळीला त्यांनी पायवाटेशेजारच्या कच्च्या उतारावरून गाडी फाटकापर्यंत नेली, इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक कर्र होऊ नये म्हणून बटण दाबून ओढला. वर रस्त्याकडेला कंपन्यांच्या बसेस शिफ्टची माणसं उतरवत होत्या. माणसं गाडीच्या बाजूने डबे हलवत खोल्यांकडे गेली. त्यांतला एक जण वाकून आत बघू लागला, तेव्हा भीमराजांनी ओठांवर बोट ठेवलं. ऊन शेवग्याच्या खाली उतरलं होतं. त्यांनी आपल्या बाजूची काच वर केली आणि ती जागी होण्याची वाट बघत बसले.